नेल्सन वांग आणि मंचुरियन: एका भारतीय चिनी आचाऱ्याचे कर्तृत्व

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, आणि त्यातही बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात, संध्याकाळी रस्त्यावर हमखास मिळणाऱ्या खाद्यपदार्थांची यादी केली, तर वडापाव, भजी आणि अंडाभुर्जी यांच्या बरोबरीने मंचुरियनचे नाव त्यात लिहावे लागते. वडापावाच्या जन्माविषयी मराठी वाचकाला काही ना काही माहीत असते आणि त्याविषयी वृत्तपत्रांतून वारंवार लिहिले जाते, परंतु मंचुरियन हा पदार्थही मुंबईतच जन्मला, तो एका विशिष्ट आचाऱ्याच्या हातून आणि एका विशिष्ट स्वयंपाकघरात उतरला, ही गोष्ट तो रोज खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. प्रस्तुत व्याख्यान त्या आचाऱ्याविषयी, म्हणजे कोलकात्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या नेल्सन वांग यांच्याविषयी आहे. पदार्थ जितका सर्वांचा होतो तितके त्याच्या कर्त्याचे नाव पुसले जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मात्र हे पुसले जाणे अटळ नसून, स्वयंपाकाकडे बुद्धीचे काम म्हणून पाहण्याची सवय समाजाला नसल्यामुळे ते घडते, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

वांग यांचे काम समजून घेण्यासाठी भारतातील चिनी समाजाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असताना, यांग दाझाओ नावाच्या चिनी व्यापाऱ्याला कोलकात्याच्या दक्षिणेला बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन मिळाली आणि तिथे त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव अछ्यू असे येते आणि त्यावरूनच त्या गावाला अछीपूर हे नाव पडले. पुढच्या दीडशे वर्षांत चीनमधून आलेले अनेक गट कोलकात्यात स्थिरावले आणि प्रत्येकाने आपापला धंदा धरला: कँटन परिसरातील लोक सुतारकामात, हुबेई प्रांतातील लोक दातांच्या वैद्यकीत, आणि हक्का लोक चामडे कमावण्याच्या व चपला-बूट करण्याच्या कामात शिरले. हक्का हा शब्द भारतात नूडल्सच्या एका प्रकाराचे नाव म्हणून परिचित आहे, पण मुळात ते एका भाषिक समाजाचे नाव असून त्याचा शब्दशः अर्थ पाहुणी कुटुंबे असा होतो, कारण हा समाज चीनमध्येही उत्तरेकडून दक्षिणेकडे स्थलांतर करून आलेला होता. चामड्याच्या धंद्याला उच्चवर्णीय समाज शिवत नव्हता, म्हणून ती जागा या परक्या लोकांसाठी मोकळी राहिली. भारतीय जातिव्यवस्थेने रिकाम्या ठेवलेल्या जागेतून एका खाद्यपरंपरेचा पाया घातला गेला, हे या इतिहासातील विचार करायला लावणारे प्रकरण आहे, कारण कोलकात्याच्या टँग्रा भागातील याच चामड्याच्या वस्तीत पुढे भारतीय चिनी स्वयंपाकाची मोठी शाळा उभी राहिली.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने या समाजाची घडी विस्कटली. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, ज्यांत भारतात जन्मलेली कुटुंबे, वृद्ध आणि लहान मुलेही होती, राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. काहींची सुटका व्हायला अनेक वर्षे लागली आणि सुटल्यावर घरे व दुकाने हातची गेल्याचे त्यांना आढळले. त्यानंतर कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. जे मागे राहिले त्यांच्यापुढे सरकारी नोकरीचा दरवाजा जवळजवळ बंद होता, आणि ज्या थोड्या धंद्यांत त्यांच्या चेहऱ्याकडे संशयाने पाहिले जात नव्हते त्यांत उपाहारगृहाचा धंदा पुढे होता. याच काळात वाढलेल्या पिढीतील वांग हे एक होत.

त्यांचा जन्म १९५० च्या सुमारास कोलकात्यातील चिनी कुटुंबात झाला आणि १९७४ मध्ये ते, खिशात जेमतेम काही रुपये असताना, मुंबईत आले. मुंबईत त्या वेळी चिनी समाज होता, पण तो कोलकात्याच्या तुलनेत लहान होता. जहाजांवर आणि गोदीत काम करणाऱ्या चिनी खलाशांमुळे माझगावच्या परिसरात एक वस्ती तयार झाली होती आणि १९१९ मध्ये बांधलेले सी यिप हे चिनी देऊळ तिथे आजही आहे. चिनी जेवण मुंबईच्या काही हॉटेलांत मिळत होते, मात्र ते कँटनच्या पद्धतीचे, म्हणजे सौम्य चवीचे, वाफवण्यावर आणि पातळ रसावर भर देणारे होते. १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन हे उपाहारगृह सुरू झाले आणि त्याने भारताला सिचुआन प्रांताच्या तिखट स्वयंपाकाची ओळख करून दिली; आज गावोगावच्या फलकांवर दिसणारा शेजवान हा शब्द त्या प्रांताच्या नावाचेच भारतीय रूप आहे. तिखटाला सरावलेल्या मुंबईच्या जिभेला चिनी जेवणातही तिखट असू शकते हे नुकतेच कळले होते, अशा वेळी वांग या शहरात दाखल झाले, आणि हा योग त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

चर्चगेटजवळील क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे १९३७ साली बांधलेल्या ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी असलेली संस्था, हे वांग यांच्या आरंभीच्या कामाचे ठिकाण. तिथल्या स्वयंपाकघरात ते काम करीत असताना १९७५ मध्ये एका ग्राहकाने मेन्यूकार्डावर नसलेले, काहीतरी नवे करून मागितले, आणि त्या मागणीतून चिकन मंचुरियन तयार झाले, असे वांग यांनी पुढे सांगितले आहे. या हकिकतीत ग्राहकाच्या हट्टाचा भाग रंजक वाटतो म्हणून तोच सगळीकडे सांगितला जातो. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र खरे मोल वांग यांनी कृतीचा जो क्रम सांगितला आहे त्याला आहे. भारतीय पदार्थाची सुरुवात ज्या जिनसांनी होते ते बारीक चिरलेले लसूण, आले आणि हिरवी मिरची त्यांनी घेतले. त्यानंतर भारतीय आचाऱ्याने जिथे गरम मसाला घातला असता तिथे त्यांनी सोया सॉस घातला. मग कॉर्नफ्लोअर आणि चिकन.

या तीन पायऱ्यांचा विचार सावकाश करण्यासारखा आहे. मराठी स्वयंपाकात फोडणी ही नुसती सुरुवात नसते, ती पदार्थाचे कुळ ठरवते: मोहरी-हिंगाची फोडणी पडली की पदार्थ एका दिशेने जातो, आले-लसूण-मिरचीच्या ठेच्याने सुरुवात झाली की दुसऱ्या. तेलात आले, लसूण आणि मिरची पडल्यावर जो वास सुटतो तो वऱ्हाडापासून वसईपर्यंत कोणत्याही घरातील माणसाला आपल्या घराचा वाटतो. चिनी स्वयंपाकातही आले आणि लसूण असतातच, त्यामुळे वांग यांनी घेतलेला आरंभ दोन्ही परंपरांच्या सीमेवरचा आहे. फरक प्रमाणाचा आहे, कारण चिनी आचारी लसूण वास लागण्यापुरता घालतो आणि वांग यांच्या पदार्थात तो चव म्हणून, दाताखाली येईल इतका असतो. दुसऱ्या पायरीवर त्यांनी जे केले त्याला वजाबाकी म्हटले पाहिजे. जिभेला ज्या क्षणी धणे, लवंग, दालचिनी यांची अपेक्षा असते नेमक्या त्याच क्षणी तिला खारट, गडद, आंबवलेल्या सोयाबीनचा स्वाद मिळतो, आणि ओळखीच्या आरंभामुळे तो परका स्वाद स्वीकारला जातो. मसाल्यांची संख्या वाढवून पदार्थ नवा करणे सोपे असते. एक मसाला काढून त्याच्या जागी योग्य ती एकच वस्तू ठेवणे हे दोन्ही स्वयंपाक आतून माहीत असलेल्या माणसाचे काम आहे. कोलकात्यात वाढलेल्या चिनी मुलाला ते दोन्ही माहीत असणे स्वाभाविक होते, आणि तरीही तशा अनेकांपैकी हा क्रम वांग यांच्या हाताने बसवला.

तिसरी पायरी कॉर्नफ्लोअरची, म्हणजे मक्याच्या दाण्यातून वेगळ्या काढलेल्या पांढऱ्या पिठूळ स्टार्चची. भारतीय रस्सा दाट होतो तो वाटणाने, कांद्याने, खोबऱ्याने किंवा डाळीने, आणि त्याला वेळ लागतो. मक्याचे स्टार्च पाण्यात कालवून उकळत्या रसात सोडले, की त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि मिनिटाच्या आत रस दाट व चकचकीत होतो. या एका जिनसेमुळे मंचुरियन हा काही मिनिटांत तयार होणारा पदार्थ ठरला, आणि तो पुढे हातगाडीवर जाऊ शकला त्याचे कारणही हेच आहे. ज्या पदार्थाला वाटण आणि तासभर आच लागते तो रस्त्यावर येताना सकाळीच शिजवून आणावा लागतो. मंचुरियन समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी ताजा करता येतो.

या कथेचा आधार मुख्यतः वांग यांचे स्वतःचे कथन हा आहे आणि इतिहासाच्या शिस्तीत एवढ्याने भागत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांच्या बाजूने एक अंतर्गत पुरावा आहे, तो असा की त्यांनी सांगितलेला क्रम आणि आज देशभर केल्या जाणाऱ्या मंचुरियनचा क्रम एकच आहे. पन्नास वर्षांत रंग बदलला, गोडी वाढली, चिकनच्या जागी कोबी आला, पण लसूण, आले, मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर हा कणा हललेला नाही. नावाचा प्रश्न सोपा आहे. मंचुरिया हे चीनच्या ईशान्येकडील लिआओनिंग, जिलिन आणि हेलाँगजिआंग या प्रांतांच्या प्रदेशाचे परदेशात रूढ झालेले नाव असून, तिथल्या थंड हवामानातील स्वयंपाकात, म्हणजे आंबवलेला कोबी, गव्हाच्या पिठाचे पदार्थ आणि मंद आचेवरचे मांस यांत, या पदार्थाशी जुळणारे काही नाही. नाव फक्त दूरच्या देशाची चाहूल देण्यासाठी आहे.

१९८० च्या दशकात वांग यांनी केम्प्स कॉर्नर येथे चायना गार्डन हे स्वतःचे उपाहारगृह काढले आणि ते मुंबईतील श्रीमंत व प्रसिद्ध लोकांच्या भेटीगाठींचे ठिकाण बनले. पुढे इतर शहरांत आणि काठमांडूलाही त्याच्या शाखा निघाल्या, आणि कुटुंबातील पुढची पिढी या व्यवसायात आली. क्लबच्या स्वयंपाकघरातला आचारी मालक झाला, ही त्यांच्या चरित्रातील उघड यशाची बाजू आहे. तिच्यावर अधिक वेळ खर्च करण्याचे कारण नाही, कारण चायना गार्डनमध्ये न गेलेल्या कोट्यवधी माणसांनी वांग यांचा पदार्थ खाल्ला आहे आणि त्यांचे खरे कार्यक्षेत्र तेच आहे.

येथे अमेरिकेतील चिनी आचाऱ्यांच्या इतिहासाशी तुलना केल्यास बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घातली आणि ती १९४३ पर्यंत टिकली. व्यापारी म्हणून मान्यता असलेल्यांना मात्र ये-जा करता येत असे, आणि १९१५ मध्ये उपाहारगृहाच्या मालकांनाही या वर्गात बसवणारा निर्णय एका न्यायालयाने दिल्यावर चिनी उपाहारगृहे झपाट्याने वाढली, कारण आपल्या माणसांना आणण्याचा तो एक कायदेशीर मार्ग बनला. भारतात जातीने आणि युद्धाने जे केले ते अमेरिकेत कायद्याने केले: दोन्हीकडे इतर दारे बंद झाल्यामुळे चिनी माणूस चुलीपाशी आला. दोन्हीकडे त्याने यजमान समाजाच्या जिभेला रुचेल असा नवा पदार्थ घडवला. हुनान प्रांतात जन्मलेले पेंग चांग-कुई १९४९ मध्ये तैवानला गेले, तिथे १९५० च्या दशकात त्यांनी जनरल त्सो चिकन हा पदार्थ तयार केला आणि १९७० च्या दशकात ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांचा आंबट-तिखट पदार्थ अमेरिकी जिभेसाठी गोड आणि कुरकुरीत झाला होता. तळलेल्या चिकनच्या तुकड्यांवर दाट, चकचकीत रस, ही घडण मंचुरियनचीही आहे. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन आचाऱ्यांनी एकाच तंत्रातून, एकाने गोडाकडे आणि दुसऱ्याने तिखटाकडे जाऊन, दोन देशांना त्यांचा आवडता चिनी पदार्थ दिला.

फरक नंतरच्या स्मृतीत आहे. सेसिलिया चियांग यांनी १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे द मँडरिन हे उपाहारगृह काढून अमेरिकेला उत्तर चीनच्या जेवणाची ओळख करून दिली. २०२० मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्या गेल्या तेव्हा त्यांच्या कार्यावर मोठमोठे लेख लिहिले गेले. जॉइस चेन यांनी १९५८ मध्ये बोस्टनजवळील केंब्रिज येथे उपाहारगृह सुरू केले, १९६२ मध्ये पाकपुस्तक लिहिले, दूरचित्रवाणीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम केला आणि सपाट बुडाच्या चिनी कढईचे पेटंट घेतले, कारण अमेरिकी घरातील सपाट शेगडीवर गोल बुडाची कढई नीट बसत नव्हती. २०१४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने पाच नामवंत आचाऱ्यांची तिकिटे काढली त्यांत त्यांचा समावेश होता. ज्या देशाने त्यांच्या समाजाला साठ वर्षे दाराबाहेर ठेवले त्याच देशाने एका चिनी आचारी स्त्रीचे चित्र टपाल तिकिटावर छापले, हा मोठा प्रवास आहे. त्यामागे पुस्तक, कार्यक्रम, मुलाखती, कौटुंबिक कागदपत्रे असा लेखनाचा पुष्कळ साठा होता. भारतीय चिनी आचाऱ्यांच्या बाबतीत असा साठा अजून कोणी गोळा केलेला नाही, आणि मराठीत तर या विषयाला वाहिलेले लेखन नगण्य आहे. ज्या भाषेत लक्ष्मीबाई धुरंधरांपासून कमलाबाई ओगल्यांपर्यंत पाकपुस्तकांची समृद्ध परंपरा आहे, त्या भाषेत तिच्याच राजधानीत जन्मलेल्या पदार्थाचे चरित्र लिहिले जाऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

क्लबातून रस्त्यावर येताना मंचुरियनमध्ये जे बदल झाले त्यांत शाकाहारी रूप हा मोठा बदल. किसलेला कोबी आणि गाजर, त्यात मैदा व कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरी आणि लसूण घालून वळलेले गोळे तळायचे आणि ते रसात सोडायचे, ही कृती पाहिली तर पहिला अर्धा भाग सरळ कोबीच्या भज्यांचा आणि मुटक्यांचा आहे. म्हणजे वांग यांनी फोडणीच्या वेळी जो भारतीय हात वापरला तोच हात पुढच्या अनामिक आचाऱ्यांनी तळणीच्या वेळी वापरला. फ्लॉवरचे गोबी मंचुरियन कर्नाटक आणि गोव्याच्या जत्रांत इतके पसरले, की अन्नसुरक्षेचा प्रश्न म्हणून सरकारला त्यात लक्ष घालावे लागले: गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या आरंभी जत्रेतील गाड्यांवर त्याला बंदी केली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने त्यात कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली, कारण तपासलेल्या काही नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. या बंदीमागील काळजी योग्य आहे. खाण्यात असुरक्षित रंग घालणाऱ्याची बाजू कोणी घेऊ नये. त्यावरून संपूर्ण पदार्थच खोटा, नकली किंवा हलका ठरवण्याची जी घाई होते ती मात्र अन्यायाची आहे. लाल रंग वांग यांच्या क्रमात कुठेच नव्हता, त्यांचा पदार्थ सोया सॉसमुळे तपकिरी होता.

अजिनोमोटोविषयीही असेच म्हणता येईल. हे मुळात मोनोसोडियम ग्लुटामेटला एका जपानी कंपनीने दिलेले व्यापारी नाव आहे. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या काढ्यातून मोनोसोडियम ग्लुटामेट हा क्षार वेगळा केला आणि गोड, आंबट, खारट, कडू यांहून निराळ्या अशा त्या चवीला उमामी हे नाव दिले. १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर जाणवणाऱ्या अस्वस्थतेविषयी एका डॉक्टरचे पत्र प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून या क्षाराविषयीची भीती जगभर पसरली, जरी नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातील वापराने ती ठामपणे सिद्ध झाली नाही. पालघरच्या किनाऱ्यावरील श्रोत्यांना उमामी समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. सातपाटी, डहाणू, नवापूरच्या किनाऱ्यावर वाळणारे बोंबील, जवळा आणि सुकट यांच्या कालवणाला जी खोल, तोंडात रेंगाळणारी चव येते तिच्यामागे ग्लुटामेट आणि सुक्या मासळीतील इनोसिनेट हे त्याच कुळातील घटक असतात. सोया सॉसचा स्वाद इथल्या मांगेल्या-कोळ्यांच्या जिभेला इतका चटकन रुचला त्यात नवल वाटायला नको.

हा पदार्थ बोईसरला कसा रुजला याचे उत्तर या गावाच्या घडणीत आहे. अमेरिकी कंपन्यांच्या सहकार्याने उभारलेले तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, ते देशातील पहिले अणुवीज केंद्र. त्यानंतर तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आले, आणि भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या परिसरात देशाच्या बहुतेक प्रांतांतून कामगार येऊन राहू लागले. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि पुढच्या वर्षी १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे मुंबईची खाद्यसंस्कृती आणखी जवळ आली. कारखान्यांच्या तीन पाळ्यांचे वेळापत्रक घरच्या जेवणाच्या वेळांशी जुळत नाही. खोलीत चार-पाच जण मिळून राहणाऱ्या कामगाराला दुसरी पाळी सुटल्यावर गरम, पोटभर आणि झटपट असे काही हवे असते. उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा, विदर्भाचा आणि तलासरीच्या पाड्यावरचा असे चार कामगार एका बाकावर बसले, तर चौघांनाही परके नसलेले आणि चौघांपैकी एकाच्याही घरचे नसलेले असे जेवण कोणते, या प्रश्नाचे उत्तर चायनीजच्या गाडीने दिले. भाकरी, भात, पोळी यांपैकी कोणाचीही बाजू न घेणारे हे अन्न आहे, आणि औद्योगिक गावाच्या सामाजिक इतिहासात त्याची नोंद या कारणासाठीही झाली पाहिजे.

या जिल्ह्याला अशा संयोगाचे वावडे कधीच नव्हते. आगाशीचे भुजिंग, ज्यात निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे पोह्यांत मिसळून मसाल्यात परततात, हा पदार्थ पोहे आणि कोंबडी या एरवी एकत्र न येणाऱ्या दोन वस्तूंना एकत्र आणतो, आणि आज तो या भागाची ओळख म्हणून अभिमानाने सांगितला जातो. भुजिंग आपले आणि मंचुरियन परके, अशी विभागणी करण्याला तत्त्वाचा आधार नाही. दोन्ही पदार्थ मुंबई आणि तिच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकात घडले आहेत.

गाडीवरच्या आचाऱ्याचे काम किती कौशल्याचे आहे, याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. घरगुती शेगडीच्या कितीतरी पट आच देणाऱ्या बर्नरवर लोखंडी कढई ठेवून, ती डाव्या हाताने सतत हलवीत आणि उजव्या हातातील पळीने परतत, पळीच्याच टोकाने मीठ, मिरपूड, सोया सॉस आणि व्हिनेगर अंदाजाने उचलत, तो दोन-तीन मिनिटांत एक प्लेट उतरवतो. या आचेवर कढईच्या कडेला तेल व रस क्षणभर पेट घेतो आणि पदार्थाला धुरकट, भाजका वास लागतो. कँटनच्या भाषेत त्याला वॉक हेई, म्हणजे कढईचा श्वास, म्हणतात, आणि तो घरच्या गॅसवर साधत नाही. फ्राइड राइससाठी भात आधी शिजवून, पसरून, गार करून ठेवावा लागतो, कारण ताजा मऊ भात कढईत चिकटतो. म्हणूनच भौगोलिक मानांकन मिळालेला वाड्याचा कोलम, जो वरणभातासाठी उत्तम, तो या गाडीवर दिसत नाही आणि लांब, सुटा राहणारा तांदूळ दिसतो. सोया सॉसच्या बाबतीत आचाऱ्यापुढे निवड असते: सोयाबीन आणि गहू बुरशीच्या साहाय्याने महिनोन्‌महिने आंबवून केलेला महाग सॉस, किंवा आम्लाने प्रथिनांचे विघटन करून काही दिवसांत तयार झालेला, कॅरॅमलने रंगवलेला स्वस्त सॉस. गाडीवर बहुधा दुसरा असतो, आणि त्याचा उग्रपणा झाकण्यासाठी आचारी लसूण वाढवतो. कमी किमतीत चव राखण्याचे हे त्याने स्वतः शोधलेले उत्तर आहे. गाड्यांवर काम करणाऱ्यांत नेपाळमधून आणि पूर्वेकडील राज्यांतून आलेले अनेक तरुण असतात, त्यांच्या हाताखाली भांडी धुता धुता शिकलेली स्थानिक मुलेही आता स्वतःच्या गाड्या चालवतात, आणि या शिक्षणाला ना वर्ग आहे ना प्रमाणपत्र.

या आचाऱ्यांनी वांग यांच्या पदार्थात भर घातली आहे. फ्राइड राइस, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच ताटात देणारा ट्रिपल शेजवान आणि तळलेल्या नूडल्सवर कोबी, पातीचा कांदा व शेजवान चटणी घालून केलेली चायनीज भेळ हे मुंबई परिसरातील रस्त्यांवरचे शोध असून, त्यांतील भेळ तर शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मुलाच्या खिशाला परवडावी म्हणूनच घडलेली दिसते. या शोधांचे कर्ते कोण, हे विचारायला अजून उशीर झालेला नाही, कारण ज्यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत या गाड्या उभ्या केल्या त्यांच्यापैकी बरेच जण हयात आहेत आणि कामही करीत आहेत. पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे बसून, कोणाकडून शिकलात, पहिली कढई कुठून आणली, कोणत्या पाळीच्या वेळी गर्दी होते, काय घालायचे सोडले आणि का, हे विचारून लिहून घेतले, तर दोन वर्षांत असा दस्तऐवज तयार होईल जो देशात दुसरीकडे नाही. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही. एक वही, रेकॉर्डिंगची सोय असलेला फोन आणि आचाऱ्याच्या फुरसतीची, म्हणजे दुपारी कोबी चिरण्याची वेळ, एवढे पुरेसे आहे.

ती नोंद घेणाऱ्याला त्या वेळी समोर जे दिसेल ते असे: कोबीचा ढीग, गार व्हायला पसरलेला भात, तळून ठेवलेले मंचुरियनचे गोळे आणि पाण्यात कालवलेल्या कॉर्नफ्लोअरचा डबा. संध्याकाळी पहिले गिऱ्हाईक आले की कढईत तेल पडते, आधी लसूण, मग आले, मग हिरवी मिरची, आणि जिथे मसाल्याच्या डब्याकडे हात जायचा तिथे तो सोया सॉसच्या बाटलीकडे जातो, ज्या क्रमाने तो १९७५ मध्ये चर्चगेटच्या त्या स्वयंपाकघरात गेला होता.